विषय: रविवारची शिजवलेली कोंबडी शुक्रवारपर्यंत पुरवणे

पाचपाखाडी, ठाणे येथून:

नमस्कार मंडळी,

उत्तर शनिवारपर्यंत हवे आहे, म्हणून थेट विचारते. रविवारी दुपारी आमच्याकडे नऊ पाने आहेत आणि पुढचा आठवडाभर त्यांतले सात जण मुक्कामाला आहेत. जांभळी नाक्याच्या बाजूला नेहमी जाते तिथून दोन अख्ख्या कोंबड्या, साफ करून मिळून साधारण अडीच किलो, आणायचे ठरले आहे. बोनलेसचा भाव या महिन्यात झेपणारा नाही, शिवाय हाडांशिवाय रस्सा निघत नाही. गॅस आणि वेळ दोन्ही वाचावेत म्हणून रविवारी एकदाच शिजवून त्यातून चार जेवणे काढायची आहेत.

अडचण वारांची आहे. सासूबाईंचे सोमवार, गुरुवार आणि शनिवार असतात आणि त्या दिवशी घरात कोणीच सामिष खात नाही. म्हणजे माझ्या हाती रविवार, मंगळवार, बुधवार आणि शुक्रवार उरतात. रविवारी शिजवलेले शुक्रवारी वाढावे की नाही, एवढाच प्रश्न आहे.

नेरूळ येथून:

पाचपाखाडीच्या वहिनींना नमस्कार.

दिवस मोजण्याआधी शिजवायचे कसे ते ठरवावे, कारण टिकणे बरेचसे त्यावर अवलंबून आहे. सगळ्या कोंबडीला पहिल्याच दिवशी वाटण लावले की चारही दिवस तीच चव खावी लागते आणि मुले तिसऱ्या दिवशी ताटावरून उठतात. मी नेहमी आधी अळणी, म्हणजे वाटण न लावता साधी, शिजवते. तेलावर थोडा कांदा, त्यावर हळद, मीठ आणि आले-लसूण लावलेले तुकडे, वर झाकणात पाणी, आणि ते पाणी तापले की तेच आत सोडायचे. तुकडे शिजले की अळणी पाणी गाळून वेगळे काढावे. पहिल्या दिवसापुरतेच तुकडे वाटणात घालावेत, त्यात मोठ्या फोडींचे बटाटे घालावेत म्हणजे नऊ पानांना रस्सा पुरतो.

उरलेले मांस कोमट असतानाच हाडांवरून सोडवावे. गार झाले की ते हाडाला धरून बसते. पाठ आणि मान लोक टाकून देतात, पण पाठीच्या हाडाच्या दोन्ही अंगांना अंगठा घालून दाबले की बोटभर लांबीचे मऊ धागे सुटून येतात आणि मूठभर मांस तेवढ्यातच निघते. हाडे आणि शिजताना सुटलेले पाणी वजा जाता हाती साधारण निम्मेच येते, म्हणून ही मूठ महत्त्वाची आहे. सोललेली हाडे पुन्हा पाण्यात घालून अर्धा तास उकळली की दुसरे अळणी पाणी निघते. ते पुलावाला चालते.

आणखी एक सांगते. वाटणात ओले खोबरे असेल तर तो रस्सा सर्वांत आधी आंबतो. ठेवायच्या रश्श्याला सुके खोबरेच वापरावे.

न्यू जर्सी येथून:

सर्वांना नमस्कार. मी फक्त फ्रिजविषयी लिहितो, कारण मूळ प्रश्न तोच होता.

इथल्या कृषी खात्याचा नियम असा आहे की शिजवलेली कोंबडी ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली तीन ते चार दिवस ठेवावी. रविवार दुपारपासून मोजले तर गुरुवारी दुपारी चार दिवस भरतात, म्हणून शुक्रवारचा वाटा फ्रिजमध्ये ठेवू नये. तो रविवारीच फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर, गेला पाहिजे. शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांहून अधिक राहू नये, आणि हवेचे तापमान ३२ अंशांवर असेल तर एकच तास, हेही त्याच नियमात आहे. ठाण्याच्या मे महिन्यात एकच तास धरावा.

मोठे पातेले जसेच्या तसे फ्रिजमध्ये ठेवणे हा खरा धोका आहे. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि पातेले तासन् तास कोमट राहिले की ते वाढू लागतात. उथळ डब्यांत दोन बोटे जाडीचा थर भरावा.

ऐरोली येथून:

न्यू जर्सीच्या बंधूंच्या पत्राला उत्तर देत आहे. आमच्या आगरी घरात फ्रिज येण्याआधीही कोंबडी होत असे. माझी आई रात्री आणि पहाटे रश्श्याला खळखळून उकळी आणत असे आणि दुसऱ्या दिवशी तांदळाच्या भाकरीबरोबर तो रस्सा आदल्या दिवसापेक्षा चांगला लागत असे. आमच्याकडे त्यासाठी कोणी आजारी पडल्याचे मला आठवत नाही. डबे आणि अंश यांच्या नादात रस्सा मुरण्याची गोष्ट हरवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

न्यू जर्सी येथून:

काकांच्या आईंची पद्धत मी नाकारत नाही. तो रस्सा दुसऱ्या दिवशी दुपारी संपत असे आणि मधल्या वेळेत दोनदा उकळत असे, म्हणून तो निभावला. इथे प्रश्न पाच दिवसांचा आहे. उकळीने जंतू मरतात, पण स्टॅफिलोकॉकससारख्या जंतूने आधीच सोडलेले विष उकळीनेही जात नाही, त्यामुळे बिघडलेला रस्सा पुन्हा उकळून सुधारत नाही. मुरण्यासाठी फ्रिजमधली रात्र पुरते, आणि वाढताना मात्र काका म्हणतात तशी पूर्ण उकळी आणलीच पाहिजे.

खारघर येथून:

फ्रीझर म्हणताना तो कोणता, हे कोणी विचारले नाही. एकदारी फ्रिजमधला बर्फाचा कप्पा बहुतेक वेळा उणे १८ अंशांपर्यंत जात नाही. त्यात आइस्क्रीम दगडासारखे घट्ट राहत असेल तरच शुक्रवारचा डबा तिथे ठेवावा, अन्यथा शेजारी विचारावे. वीज गेली तर दार उघडू नये. बंद दारात फ्रिज साधारण चार तास, भरलेला फ्रीझर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास थंडी धरतो.

सासूबाईंच्या दृष्टीने सांगायचे तर आमच्याकडे सामिषाचे डबे सर्वांत खालच्या फळीवर, वेगळ्या झाकणांचे असतात, आणि नैवेद्याचे दूध वरच्या फळीवर असते. तेवढी व्यवस्था झाली की उपवासाच्या दिवशी कोणाचे मन खट्टू होत नाही.

आणि वहिनी, कालनिर्णय पाहावे. येत्या मंगळवारी संकष्टी आहे, म्हणजे अंगारकी. आमच्या घरातले सगळे टिटवाळ्याला जाणार आहेत, आणि तुमच्याही सासूबाईंना तो दिवस चालणार नाही असे वाटते.

पाचपाखाडी, ठाणे येथून:

सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंना विचारले, मंगळवार गेला. त्यामुळे आता असे ठरवले आहे. रविवारी दुपारी बटाटे घातलेला रस्सा आणि भात. रविवारी रात्रीच दुसरे जेवण, हाडांच्या अळणी पाण्यात शिजवलेला पुलाव, त्यात वाटाणे आणि थोडेसे सोडवलेले मांस. बुधवारी, म्हणजे तीन दिवसांनी, फ्रिजमधले मांस कांदा-टोमॅटोवर परतून त्यात सहा अंडी फोडायची आणि पोळ्यांत गुंडाळून मुलांच्या डब्याला द्यायची. अंड्यांमुळे सात जणांना ते पुरेल.

शुक्रवारचे मांस अळणी पाण्यासकट रविवारीच गोठवते. गुरुवारी रात्री डबा बाहेर काढणे घरात बरे दिसणार नाही, म्हणून शुक्रवारी सकाळी गोठलेला गोळा तसाच पातेल्यात घालून मंद आचेवर सोडवीन आणि उकळी आली की वाटण घालीन. गोठलेले थेट तापवले तर चालते ना, एवढे न्यू जर्सीहून कळवावे. आमचा फ्रिज दोन दारी आहे आणि आइस्क्रीम घट्ट राहते.

न्यू जर्सी येथून:

चालते. वेळ साधारण दीडपट लागतो. मधला भाग नीट वाफाळेपर्यंत आणि रश्श्याला पूर्ण उकळी येईपर्यंत उतरवू नये.

नेरूळ येथून:

शुक्रवारच्या वाटणाला सात माणसांसाठी पाऊण वाटी सुके खोबरे, किसून खरपूस भाजलेले, आणि दोन मोठे कांदे. ते शुक्रवारीच ताजे वाटावे, रविवारी करून ठेवू नये. बुधवारच्या पोळ्या गार झाल्यावरच गुंडाळाव्यात, नाहीतर डब्यात घाम धरतात.