डांबरगोळ्या टाकल्या की झालं?

वर कोणीतरी म्हटलंय की स्वेटर थंडीत दोनदाच तर घातलाय, न धुताच बॅगेत भरला तरी चालतं, डांबरगोळ्या टाकल्या की झालं. न धुता अजिबात नको हो! कसर लावतो तो पतंग नाही, त्याची अळी, पतंग बिचारा काही खातच नाही, आणि अळीला घाम, तेल, सांडलेला चहा लागलेली लोकर जास्त आवडते. माझी शाल अशीच गेली, भोकं बरोबर मानेपाशी, जिथे केसांचं तेल लागायचं तिथेच, बाकी शाल धडधाकट. तेव्हापासून होळीच्या आसपास सगळं धुवून, कडकडीत वाळवून मगच पेटीत, कारण किंचित ओलसर राहिलं तर पावसाळ्यात बुरशी ठरलेली.

आणि गोळ्या सगळे पेटीच्या तळाशी टाकतात, पण त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून त्या पातळ फडक्यात बांधून सगळ्यात वर ठेवायच्या. मात्र बाळाच्या दुपट्यांत, टोपड्यांत नकोच. जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांमध्ये या गोळ्यांतल्या नॅप्थलीनमुळे लाल रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते, आणि ही कमतरता बऱ्याचदा आधी कळतच नाही. आमच्याकडे भाची झाली तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला होता, जुने कपडे गोळ्यांतले आहेत का म्हणून, आणि आईने हौसेने जपलेलं आख्खं बोचकं तसंच होतं 😅