बांधासाठी सदाहरित, उत्तम लाकडाचं देशी झाड हवंय. खिरणी लावावी का?

तापीकाठ
राम राम मंडळी. चोपडा तालुक्यात आमचं पाच एकर रान आहे. उत्तरेच्या बांधाला गाडरस्ता, दक्षिणेला नाला. नाल्याकडची पट्टी मुरमाड, बाकी सगळी काळी. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की बैलांना आणि मजुरांना उभं राहायला सावली नसते, हे मूळ दुखणं. झाड आपल्याच मातीतलं हवं, बाराही महिने हिरवं हवं आणि पुढे नातवंडांच्या कामी येईल असं लाकूड त्यात असावं.

दोन वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेतून शिसव म्हणून चाळीस रोपं आणली. झपाट्याने वाढली, आम्ही खूश. मग भाच्याने पानं पाहून सांगितलं, मामा, हा सिसू आहे. शिसवाच्या पानातली छोटी पानं टोकाशी गोल असतात, सिसूची अणकुचीदार. चाळीस खड्डे, दोन उन्हाळ्यांचं पाणी, फार वाईट वाटलं. आता वडील खिरणी लाव म्हणतात, शेजारचे काका अंजन म्हणतात. कोणी लावलंय का?

शिरपूरकर आप्पा
भाऊ, खिरनीज लाव. मना आजानी लायेल शे, आते बी फळं लागतस.

आमच्या मळ्यात दोन आहेत. चैत्र-वैशाखात सगळं रान करपलेलं असतं तेव्हाही त्यांचा गर्द हिरवा घेर हलत नाही, खाली दहा-बारा माणसं जेवायला बसतात. पिवळी फळं फार गोड, पण ताजी खाल्ली तर चिकाने ओठ चिकटतात. आमच्याकडे एक दिवस उन्हात सुकवून खातात. पण घाई असेल तर हे झाड लावू नका. पहिल्या वर्षी रोप वीतभरसुद्धा होत नाही. मी लावलेलं तिसरं झाड नऊ वर्षांचं आहे आणि अजून माझ्या डोक्याच्या थोडंच वर गेलंय.

खरादी_अमळनेर
लाकडाचं मी सांगतो, आमचं तीन पिढ्यांचं सुतारकाम. खिरणीचं लाकूड तांबूस-तपकिरी, बारीक पोताचं आणि इतकं जड की पाण्यात टाकलं तर बुडतं. पूर्वी तेलाच्या घाण्याला, अवजारांच्या दांड्यांना, खरादकामाला हेच घेत. वाळल्यावर करवत दमते, म्हणून ओलं असतानाच कापून घ्यायचं. खिळा सरळ ठोकला तर वाकतो, आधी गिरमिटाने भोक पाडावं लागतं. रंधा मारल्यावर मात्र जी झिलई येते, ती सागालाही येत नाही, असं माझं मत.

अंजनही तसंच जड आणि चिवट. बैलगाडीच्या चाकाच्या तुंब्याला, म्हणजे मधल्या गोल ओंडक्याला, वडील अंजनच शोधायचे.

सातपुडा_रान
काका आणि वडील दोघंही बरोबर आहेत, फक्त जागा वेगळ्या. अंजन नाल्याकडच्या मुरमात लावा. खडकाच्या भेगांतून त्याचं सोटमूळ खोल उतरतं, काळ्या चिकण मातीत पाणी साचलं की ते कुढतं. पिशवीतलं रोप नको, मूळ गुंडाळतं. पावसाच्या तोंडावर शेंगा जागेवरच टोचा. सुरुवातीची वर्षं झाड वर दिसत नाही, सगळा जोर खाली असतो, म्हणून वाळलं समजून उपटू नका. उन्हाळ्याच्या तोंडाला थोडे दिवस पानं गळतात, पण लगेच लालसर पालवी फुटते. पाला गुरं आवडीने खातात, तेव्हा काट्यांचं कुंपण हवंच.

खिरणी उत्तरेच्या बांधावर लावा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला झुकतो, सावली रस्त्यावर पडेल आणि तुमच्या रब्बीला ऊन मिळेल. दोन झाडांत तीस-पस्तीस फूट सोडा, घेर मोठा होतो.

एक गोष्ट आधीच करून ठेवा. महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत अंजन, चंदन, साग आहेत, म्हणजे स्वतःच्या शेतातलं झाड तोडायलाही परवानगी लागते. ई-पीक पाहणीत बांधावरच्या झाडांची नोंद होते, ती करून टाका. नातवाला हेलपाटे कमी पडतील.

नंदुरबारची_लेक
दादा, रोपासाठी एक युक्ती सांगते. चिकूची कलमं खिरणीच्या खुंटावरच, म्हणजे खालच्या मुळासकटच्या रोपावरच बांधतात, त्यामुळे कलम करणाऱ्या रोपवाटिकेत खिरणीची रोपं असतातच. कलम न बांधलेली मागा. माझ्या माहेरच्या परसात चिकूचं कलम वरून मेलं आणि बुडातून खिरणी फुटली. बाबा उपटायला निघाले होते, आईने ठेवायला लावली. आज तिच्याखाली खाट टाकतो.

ओळख सोपी. खिरणीचं पान टोकाशी बोथट आणि मध्ये किंचित खाच असलेलं. पान तोडलं की पांढरा चीक येतो, पण तो चिकूलाही येतो, म्हणून नुसत्या चिकावर जाऊ नका. आमच्याकडे गुजरातच्या सीमेवर हिला रायण म्हणतात. संस्कृतात राजादन, राजाचं खाणं.

बिया लावणार असाल तर ताज्याच लावा. वाळवून डब्यात ठेवलेलं बी उगवत नाही.

शिरपूरकर आप्पा
ताई बरोबर सांगते. आणखी एक, पहिले तीन उन्हाळे पाणी चुकवू नका. केळीचे खांब उभे चिरून बुडाशी पसरा, ओल बरेच दिवस टिकते. तुमच्या भागात केळीला तोटा नाही.

तापीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तरेला बारा खिरणी, नाल्याकडे अंजनाच्या शेंगा, ठरलं. सिसू तोडत नाही, खिरणी डोक्याएवढी होईपर्यंत बैलांना त्याचीच सावली. आप्पा, वैशाखात शिरपूरला येतो, खाली पडलेली फळं जपून ठेवा. वडिलांना सोबत आणतो, त्यांना झाड बघायचंय.