‘प्रार्थना कर, भिऊ नकोस’ एवढे मुलांना पुरते का?

शाब्बाथ शाळेची शिक्षिका (अहिल्यानगर)

आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) शाब्बाथ शाळेत, म्हणजे दर आठवड्याला भरणाऱ्या बायबलच्या वर्गात, मी सात ते दहा वर्षांच्या मुलांना शिकवते. २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, माझ्या वर्गातील एका मुलाचे आजोबा गेले. दफनाला मोजकीच माणसे जाऊ शकली आणि मुलाला तर कोणीच नेले नाही; ‘आजोबा प्रभूला आवडले’ एवढेच त्याला सांगण्यात आले. पुढे वर्ग पुन्हा भरू लागले, तेव्हा हा शांत मुलगा पुस्तके फाडू लागला, धाकट्या मुलांना ढकलू लागला. रागे न भरता विचारले, तेव्हा उत्तर मिळाले: ‘चांगला वागलो तर मीपण आवडेन ना?’

तेव्हापासून मला वाटते की भ्यालेल्या मुलाला आपण जे वचन घाईघाईने ऐकवतो, ते पुष्कळदा त्याच्यासाठी नसून आपल्याला त्याचे रडणे सोसवत नाही म्हणून असते. पवित्र शास्त्राला अशी घाई नाही. त्यातील १५० स्तोत्रांपैकी सुमारे एकतृतीयांश विलापाची आहेत. तेराव्या स्तोत्राची सुरुवातच ‘देवा, आणखी किती दिवस?’ अशा तक्रारीने होते, आणि अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते. ही स्तोत्रे आपण मुलांना का शिकवत नाही?

दोन मुलांचा बाप (वसई)

ताई, चूक ‘प्रभूला आवडले’ या वाक्याची आहे, श्रद्धेची नव्हे. मार्च २०२० मध्ये चर्च बंद झाली, आणि १२ एप्रिलचा ईस्टर आम्ही मोबाइलवर मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना) पाहून साजरा केला. माझी सहा वर्षांची मुलगी तेव्हा रात्री दचकून उठत असे. आम्ही तिला भीतीविषयी काहीही विचारले नाही. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी आम्हा कॅथलिकांची जपमाळ धरली. तिच्या पाच दशकांत, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच भागांत, तीच प्रार्थना पन्नास वेळा येते. मोठ्यांना ते कंटाळवाणे वाटेल, परंतु बाहेर सगळे बदलत असताना पुढचा शब्द कोणता येणार हे मुलीला आधीच ठाऊक असे, आणि तिसऱ्या दशकापर्यंत ती आजीच्या मांडीवर झोपलेली असे. मुलाला सतत ‘तुला कसे वाटते’ विचारणे म्हणजे धरत आलेली खपली पुन्हा पुन्हा काढणे होय. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र मी तिला झोपताना मुळीच ऐकवणार नाही.

चर्चच्या शाळेत शिकलेला, आता निरीश्वर (पुणे)

जपमाळेने झोप आली, हे मी मान्य करतो. अंगाईनेही आली असती. माझा आक्षेप याहून मूळचा आहे. ‘देवाची इच्छा’ म्हणताच त्या मृत्यूचा कर्ता देव ठरतो, आणि मूल त्याच्या स्वभावानुसार एक तर देवावर चिडते किंवा स्वतःचा अपराध शोधू लागते. ताईंच्या वर्गात हेच घडले. ‘आजोबांना आजार झाला, डॉक्टरांनी प्रयत्न केले, ते वाचले नाहीत, मलाही वाईट वाटते’ हे खरे आणि पुरेसे आहे. शिवाय मूल महिनोन्महिने झोपत नसेल, जेवत नसेल, तर समुपदेशकाकडे जावे. १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा मोफत आहे. अशा वेळी ‘आणखी प्रार्थना करा’ म्हणणाऱ्यांनी माझ्या लहानपणी माझे नुकसानच केले.

निवृत्त पाळक

समुपदेशकाकडे जाण्याने विश्वास उणा होतो, असे मी कधीही मानले नाही. बायबलमधील संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, आणि पुन्हा उठवून खायला घालतो. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळातच गेले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या, त्यांनाही केडगावातील रमाबाईंच्या आश्रमात प्रार्थनेबरोबर अन्न, शाळा आणि हाताला काम मिळाले.

तरी ताईंशी माझा मतभेद आहे. विलाप शिकवावा, पण पुनरुत्थानाची, म्हणजे मेलेले पुन्हा उठतील ही, आशा मागे ठेवून नव्हे. ती सांगायला आपण संकोचू लागलो, तर आपल्यात आणि पुण्याच्या बंधूंत फरक तो काय राहिला? ‘आजोबा पुन्हा भेटतील’ हे मुलाला ऐकण्याचा हक्क आहे.

शाब्बाथ शाळेची शिक्षिका

पाळकसाहेब, आशा मी लपवली नाही. क्रम तेवढा बदलला. मेलेल्या मित्राला, लाजराला, आपण थोड्याच वेळात उठवणार, हे प्रभू येशूला माहीत होते, तरीही तो रडला. ‘उठणारच आहे, रडता कशाला’ असे त्याने लाजराच्या बहिणीला, मरियेला, म्हटले नाही. मी त्या मुलाला हीच गोष्ट सांगितली आणि नंतर आम्ही दफनभूमीत गेलो. ‘तुझ्या चांगल्या वागण्यामुळे कोणी मरत नाही’ हे वाक्य मात्र मला तीन-चार वेळा, अगदी सरळ शब्दांत सांगावे लागले. त्याने आजोबांच्या चष्म्याचे रिकामे घर खिशातून आणले होते. ते ठेवावे की परत न्यावे, याचा त्याने बराच वेळ विचार केला आणि परत नेले. वाटेत विचारले, ‘येशू किती वेळ रडला?’ तेवढे लिहिलेले नाही, असे मी सांगितले. तो म्हणाला, ‘मग कोणी मोजले नसेल.’

वसईच्या भाऊंचे जपमाळेविषयीचे म्हणणे मला पटले. आम्हा प्रोटेस्टंटांकडे अशी लय कमी आहे. आता वर्गाच्या शेवटी तेविसावे स्तोत्र दर वेळी तेच, त्याच चालीत म्हणवून घेते.

दोन मुलांचा बाप (वसई)

तेविसावे ठीक आहे. दफनभूमीत नेणे मात्र अजूनही मनाला पटत नाही. घरचे कोणी सोबत होते का?

शाब्बाथ शाळेची शिक्षिका

आई होती. तीही तिथे पहिल्यांदाच आली होती.