नॉर्स पुराणकथा : व्हायकिंगांचा धर्म की ख्रिस्ती आइसलँडचे साहित्य?

वायव्यवारा (धागालेखक) :
ओडिन, थोर आणि लोकी या नॉर्स, म्हणजे प्राचीन स्कँडिनेव्हियन, देवांच्या ज्या कथा आज व्हायकिंगांचा धर्म म्हणून सांगितल्या जातात, त्यांची सर्वांत सलग मांडणी आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने १२२० च्या सुमारास रचलेल्या ‘एड्डा’ या ग्रंथात सापडते. आइसलँडच्या आल्थिंग सभेने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो इ. स. १००० च्या सुमारास, म्हणजे त्याच्याही दोन शतके आधी. शिवाय स्नोरीला धर्म सांगायचाच नव्हता. दरबारी कवींची संकेतांनी भरलेली भाषा तरुण कवींना उलगडावी हा त्याचा हेतू होता, आणि एड्डाच्या प्रस्तावनेत तर हे देव म्हणजे ट्रॉयहून उत्तरेकडे आलेली माणसे होती असे म्हटले आहे. अशा ग्रंथाला साहित्य म्हणून डोक्यावर घ्यावे, धर्माचा पुरावा म्हणून नव्हे.

रूनाक्षर :
आपण हेतू सांगितलात, सामग्री वगळलीत. स्नोरी पानोपानी जुनी कवने उद्धृत करतो, त्यांतली काही नवव्या-दहाव्या शतकांतली आहेत, आणि त्यांतले अनुप्रास व अंतर्यमके इतकी घट्ट असतात की शब्द बदलला तर ओळच मोडते. स्वीडनमधल्या आल्टुना येथील अकराव्या शतकातली रूनशिळाही (रून या जुन्या लिपीत कोरलेला दगडही) पाहावी. तीवर थोर महासर्पाला गळाला लावतो आहे आणि त्याचा पाय नावेच्या तळातून आरपार गेला आहे. हा तपशील स्नोरीकडे आहे, पण याच प्रसंगावरच्या ‘हिमिस्क्विदा’ या कवनात नाही. म्हणजे त्याच्यापर्यंत पोचलेली परंपरा जुनीही होती आणि दूरवर पसरलेलीही.

वायव्यवारा :
एका कथेचे वय सिद्ध झाले म्हणून सगळी देवसभा सिद्ध होत नाही. उल्ल या देवावरून नॉर्वे-स्वीडनमध्ये कितीतरी ठिकाणांची नावे पडली आहेत, तेव्हा त्याची पूजा जोरात असणार. एड्डामध्ये मात्र तो थोडक्यात आटोपतो. उलट लोकीवाचून एड्डाचे पान हलत नाही, आणि त्याच्या पूजेचा ठोस पुरावा मिळत नाही. ब्रेमेनच्या आडाम या इतिवृत्तकाराने १०७० च्या दशकात स्वीडनमधल्या उप्सालाच्या मंदिराचे जे वर्णन केले, त्यात मधोमध थोर आहे आणि ओडिन बाजूला. मग ओडिन सर्व देवांचा पिता, ही रचना कोणाची?

रूनाक्षर :
आडामने ते मंदिर स्वतः पाहिले नव्हते, आणि तो तर धर्मगुरूच होता. ख्रिस्ती लेखणी स्नोरीच्या हाती अविश्वसनीय आणि आडामच्या हाती विश्वासार्ह, हा न्याय अजब आहे. ओडिनचे म्हणाल, तर डेन्मार्कमधल्या विंडेलेव्ह येथे २०२० मध्ये मिळालेल्या, पाचव्या शतकाच्या आरंभीच्या सुवर्णपदकावर त्याचे नाव वाचले गेले आहे.

पाठभेद :
दोघांनीही धर्म एकच होता असे गृहीत धरले आहे. डेन्मार्कचा इतिहासकार साक्सो १२०० च्या सुमारास बाल्डर या देवाच्या मृत्यूची कथा लॅटिनमध्ये सांगतो, तीत स्नोरीच्या कथेतली बाल्डरचा जीव घेणारी मिसलटो या वनस्पतीची फांदी नाही की त्यामागचा लोकी नाही. नान्ना नावाच्या राजकन्येवरून होथर आणि बाल्डर यांचे वैर होते आणि बाल्डर तलवारीच्या घावाने मरतो. ज्या धर्माला पोथी नव्हती, त्यात असे पाठभेद असणारच.

वायव्यवारा :
एका पिढीतले दोन ख्रिस्ती लेखक एकाच देवाचा मृत्यू इतका वेगळा सांगतात, यात मला तरी लेखकांचाच हात दिसतो. साक्सोच्या बाल्डरमागे लोकपरंपरा आहे असे आपले म्हणणे असेल, तर आल्टुनासारखी एखादी शिळा दाखवावी.