बीव्हीएस्सी (व्हेटची डिग्री) नंतर इंटिग्रेटिव्हकडे, म्हणजे नेहमीच्या औषधांच्या जोडीला वनौषधी, ॲक्युपंक्चर वगैरेकडे, कोणी वळलंय का? की नुसतंच फॅड आहे?

माणदेशी_व्हेट
नमस्कार मंडळी. गावाकडे प्रायव्हेट प्रॅक्टिस सुरू केलीय, काम बहुतेक एचएफ (होल्स्टिन) आणि जर्सी गाईंचं. निम्मे फोन दगडीचे (कासदाह, मस्टायटिस). सडात ट्यूब सोडायची, इंजेक्शन द्यायचं, औषधाचा अंश जाईपर्यंत दूध डेअरीला घालू नका म्हणून सांगायचं (आणि ते घालतातच, कारण हप्ता दुधावर चालतो), आणि पुढच्या महिन्यात परत तीच गाय तेच सड. वनौषधी, ॲक्युपंक्चर वगैरे बरंच वाचतोय पण साडेपाच वर्षांच्या डिग्रीत यातलं हाताला काहीच लागलं नव्हतं. सुरुवात कुठून करायची? आणि बाकीचे डॉक्टर हसतील का?

रिटायर्ड_एलडीओ
हसतील की, हसू द्या. पण आधी एक सांगा, दगडी म्हणजे नक्की काय बघता तुम्ही? सीएमटी (गोठ्यातच दुधावर करायची दगडीची चाचणी) करता का? कुठले जंतू आहेत ते बघायला दुधाचं कल्चर कधी लावलंय? कारण इंटिग्रेटिव्ह म्हणजे निदान सोडून पाला वाटणे नव्हे. मी नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत याच्याकडे वळलो ते एनडीडीबीच्या (राष्ट्रीय डेअरी विकास मंडळ) एथनोव्हेटमुळे, म्हणजे जनावरांच्या पारंपरिक वनौषधी उपचारांमुळे, तामिळनाडूचे प्रा. पुन्नियामूर्ती यांचं काम आहे ते. कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम, मिक्सरला फिरवलं की लालसर लगदा होतो. त्यातला मूठभर पाण्यात पातळ करायचा, दूध पूर्ण काढून कास धुवायची आणि लावायचा, दिवसातून दहा वेळा, पाच दिवस. सोबत तीन दिवस रोज दोन लिंबं चिरून खायला. नुसती कास सुजलीय, दुधात गुठळ्या आहेत पण गाय रवंथ करतेय अशा केसमध्ये मी आधी हेच देतो आणि लक्ष ठेवतो. पण ताप आहे, गाय बसलीय, दूध पाण्यासारखं येतंय तर लेपाच्या नादी लागू नका, सलाईन आणि अँटिबायोटिक लगेच, नाहीतर रात्रीत गाय जाते.

गोठा_आटपाडी
डॉक्टर मी शेतकरी आहे, मधे बोलतो माफ करा. हा लेप आम्ही केलाय, गुण आला. पण दहा वेळा लावायचा कोणी ते कोणी लिहीत नाही. गडी दिवसभर मळ्यात, म्हणजे घरातल्या बाईनंच लावायचा, तिला सैपाक, धारा, पोरं सगळं आहेच. चार वेळाच लागला तर गुण कमी येतो आणि मग लोक म्हणतात गावठी औषधात दम नाही. सांगताना घरातल्या बाईला समोर बसवून सांगा, आमच्याशी बोलून उपयोग नाही 🙂

सुईवाली_पुणे
वरच्या दादांना शंभर मार्क. मी कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस करते, मला ॲक्युपंक्चरकडे डॅशहंडनी ढकललं, मणक्याची गादी सरकून मागचे पाय ओढत येतात बिचारे. चालता येत नाही पण पायाला जोरात चिमटा काढला तर कळतंय अशांना पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती, औषधं आणि जोडीला इलेक्ट्रो ॲक्युपंक्चर देते, चांगला फरक दिसतो. चिमटाच कळत नसेल तर सुया काढायच्या पण नाहीत, सरळ सर्जनकडे. कोर्स म्हणाल तर आयव्हीएएस ही व्हेटना ॲक्युपंक्चर शिकवणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९७४ पासूनची, आणि फ्लोरिडातली 'ची' (Chi) युनिव्हर्सिटी, दोन्हीकडे व्हेटनाच घेतात. पैसे बरेच लागतात, गाईंच्या प्रॅक्टिसवर ते सुटतील असं मला वाटत नाही. पण एक पॉइंट फुकटात शिका, जीव्ही २६, नाक आणि वरच्या ओठाच्या मधली जागा. सिझेरियननंतर पिल्लू श्वास घेत नसेल तर तिथे सुई टोचून फिरवतात, ॲक्युपंक्चरला नावं ठेवणारे पण हे करतात.

स्लाइड_बघा_आधी
मी त्या नावं ठेवणाऱ्यांपैकीच 😀 माझं भांडण वनस्पतींशी नाही, "नैसर्गिक आहे, अपाय नाही" या वाक्याशी आहे. टी ट्री ऑइल लावलेली मांजर थरथरत येते तेव्हा निसर्ग कुठे असतो? बिब्ब्यानं भाजलेली, लोखंडानं डागलेली जनावरं आपण सगळ्यांनी बघितलीत, तेही पारंपरिकच. आणि दगडी बऱ्याचदा आपली आपण पण कमी होते, म्हणून लेपाआधी आणि नंतर सीएमटी करून वहीत लिहा, नाहीतर क्रेडिट कशाला द्यायचं ते कळणार नाही.

रिटायर्ड_एलडीओ
वहीचं बरोबर आहे. पण साहेब, डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध पण आपणच गुरांना डोळे मिटून टोचत होतो, ती मेलेली गुरं खाऊन गिधाडं संपत आली तेव्हा २००६ ला जनावरांसाठी बंदी आली. तपासायचं तर दोन्हीकडचं तपासू.

माणदेशी_व्हेट
सगळ्यांचे आभार. कोर्स सध्या राहू दे, या महिन्यापासून दगडीची वही घालतो. एकच शंका, चुना कुठला? इथे दुकानात रंगाचाच मिळतो.

गोठा_आटपाडी
पानाच्या टपरीवर जावा. खायचा चुना. रंगाचा अजिबात नको.