गळती आधी की पाइप आधी?

माधव, आल्तिनो: काल इथे एक पोस्ट आली: "पणजीचे पाइप पोर्तुगीज काळातले. सगळे उपटून नवे घाला. तोवर गळती काढणं म्हणजे फाटक्या चादरीला ठिगळ." वाचून डोकंच उठलं. ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपारला ओपा जलप्रकल्पाची जलवाहिनी फुटली, पणजीसकट सगळा तिसवाडी तालुका कित्येक दिवस कोरडा पडला. ती वयाने फुटली होती का? महामार्गाच्या रुंदीकरणात दरड खचली म्हणून फुटली. नवी असती तरी फुटलीच असती. आणि रोजची गळती बहुतेक कुठे असते? सांध्यावर आणि घराच्या जोडणीवर. ६ मिलिमीटरचं भोक, ३० मीटर उंच टाकीतून येतो तेवढा दाब, म्हणजे तासाला १,४०० लिटर. २०२१ मध्ये घरटी महिन्याला १६ हजार लिटर पाणी फुकट जाहीर झालं. त्याच्या दुप्पट पाणी अशा एका भोकातून एका दिवसात जातं!

करुणा, मळा: माधवबाब, ठिगळ म्हणणारी मीच. आमच्या गेटसमोर वर्षात चार वेळा खणलं. दर वेळी फुटीवर क्लॅम्प, म्हणजे लोखंडी पट्टा, मारून माती लोटली, दर वेळी हातभर पुढे नवी फूट. चवथीच्या आदल्या दिवशी गणपतीवरची माटोळी बांधायची सोडून कळशी घेऊन शेजारच्या बांयवर, विहिरीवर, धावले. तुमचे लिटर तुम्ही मोजा.

फोंडेकर: ओपा आमच्या तालुक्यात, आणि आमच्याच वाड्यावर पाणी दोन तास. ते राहू दे. पणजीच्या इमारतींत लायनीलाच मोटर जोडतात, त्यावर कोण बोलणार? चोरीच ती.

सुनीता, सांतइनेज: चोर कोणाला म्हणता? मी तिसऱ्या मजल्यावर राहते. आई ७८ वर्षांची, तिला बादल्या उचलायला सांगू? दाब दिला असता तर मोटर कशाला घेतली असती?

फोंडेकर: बाय, तुमच्या आईबद्दल मी काही बोललो नाही. पण लायनीत पाणी कमी असताना मोटर ओढते तेव्हा फुटक्या सांध्यातून गटाराचं पाणी आत येतं. माझ्या पुतण्याला कावीळ झाली. पंधरा दिवस हॉस्पिटलात.

सुनीता, सांतइनेज: ती माझ्या मोटरमुळे झाली, हे तुम्हाला कसं कळलं? तळटाकीत पाणी घेऊन मग वर चढवायचं, हे मलाही पटतं. सोसायटीत तीन सभा झाल्या. खालच्या मजल्याची माणसं पैसे काढायला तयार नाहीत.

माधव, आल्तिनो: मोटरची गोष्ट गळतीपाशीच येते. सांधा धड असेल तर आत काही ओढलं जाणार नाही. पहाटे दोन ते चार लोक झोपलेले असतात. तेव्हा भागाच्या मीटरवर किती पाणी जातं ते बघायचं. रात्रभर कुठे टाक्या भरत नसतील, तर ते जवळजवळ सगळं गळतीचं. मग लोखंडी सळी पाइपाला टेकवून कान लावायचा. माझे काका फिटर होते, असेच शोधायचे. हे न करता कुठला पाइप उपटणार?

करुणा, मळा: आधी मोजा म्हणता, ठीक, एवढं मान्य. पण आमच्या गेटसमोरची चार खणणी हेही मोजमापच. तो तुकडा बदलायचाच. पाचवा क्लॅम्प मी मारू देणार नाही.

माधव, आल्तिनो: चार वेळा एकाच तुकड्यावर? मग तो बदलायलाच हवा. तेवढाच.

फोंडेकर: आणि मोटर?