मदत हवी आहे: लेक पॉवेलवरील बोट माँटानात नेण्यापूर्वी आतल्या पाण्याचे काय करावे?

नमस्कार. अमेरिकेतील युटा-अ‍ॅरिझोना सीमेवरच्या लेक पॉवेल या जलाशयावर बराच काळ पाण्यातच उभी असलेली एक जुनी वेकबोर्ड बोट (फळीवर उभ्या माणसाला लाटांवरून ओढणारी) मी विकत घेतली असून, येत्या उन्हाळ्यात ती ट्रेलरवरून माँटाना राज्यातील फ्लॅटहेड तलावावर न्यायची आहे. पॉवेलमध्ये क्वागा शिंपल्यांनी (बोटींबरोबर नव्या तलावांत पसरणारी परकी जात) ठाण मांडलेले आहे, फ्लॅटहेडमध्ये ते अद्याप नाहीत. तेव्हा तपासणी नाक्यांवर माझ्या बोटीकडे संशयाने पाहिले जाणार, आणि ते रास्तच आहे. माँटानात सुरू असलेल्या प्रत्येक नाक्यावर थांबावे लागते, गाडीच्या टपावर नुसती कयाक बांधलेली असली तरीही.

बोटीच्या बुडावरून हात फिरवला तेव्हा मागच्या बाजूला पॉलिश पेपरासारखी खरखर लागली. नुकती चिकटलेली पिल्ले डोळ्यांना दिसण्याआधी हाताला अशीच जाणवतात, असे वाचले आहे. तो भाग खरवडून धुता येईल. खरी अडचण आतली आहे. बॅलास्ट टाक्यांचा (बोट जड करून मोठी लाट उठवण्यासाठी पाणी भरण्याच्या टाक्या) पंप कितीही वेळ चालवला तरी तळाशी थोडे पाणी राहतेच, इंजिनाच्या शीतन नळ्यांतही राहते, आणि या शिंपल्यांच्या अळ्या सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. बोट नुसती वाळवून भागेल, की गरम पाण्याने धुऊन घेणे आवश्यकच आहे? तसे असल्यास ते निघण्यापूर्वी करावे की नाक्यावर? गरम पाण्याने टाक्यांचे पंप बिघडण्याचीही भीती वाटते.

प्रतिसाद

आपण टाक्यांचा विचार आधी केलात हे बरे झाले, कारण बहुतेक जण बूड घासून निश्चिंत होतात. वाळवण्याचा उपाय कोरड्या, कडक उन्हात बाहेरच्या भागासाठी चांगला आहे. थंड, दमट हवेत मात्र मोठे शिंपले पाण्याबाहेर महिनाभरही तग धरू शकतात, आणि साचलेल्या पाण्यातल्या अळ्यांना तर कोरडेपणा जाणवतच नाही. त्यामुळे आपल्या बोटीला गरम पाणी लागेलच. बुडाला सुमारे ६० अंश सेल्सिअसचे पाणी प्रत्येक ठिकाणी किमान दहा सेकंद लागले पाहिजे. टाक्यांसाठी आपण म्हणता त्याच कारणाने, म्हणजे पंप जपण्यासाठी, तापमान ५० अंशांच्या आसपास ठेवून पाणी दोन मिनिटांहून अधिक खेळवतात.

हे काम प्रशिक्षित माणसांकडून निघण्यापूर्वीच करून घ्यावे आणि त्याची पावती जवळ ठेवावी. नाक्यावर शिंपला सापडला तर बोट अडकून पडते. तो मेलेला आहे हा युक्तिवादही चालत नाही, कारण बंद शिंपल्याकडे नुसते पाहून तो जिवंत की मृत हे सांगता येत नाही. नांगराच्या दोराची पेटी, बिल्ज (बोटीच्या तळाची पाणी साचणारी जागा) आणि ट्रेलरच्या पोकळ नळ्या हमखास विसरल्या जातात. तिथे अडकलेला पाणवनस्पतीचा तुकडाही काढून टाका, कारण युरेशियन वॉटरमिलफॉइल ही परकी पाणवनस्पती एवढ्याशा तुकड्यातूनही रुजते.

ड्रेन प्लग (बोटीतले पाणी सोडण्याचे बूच) काढूनच प्रवास करावा. तपासणीनंतर बोट आणि ट्रेलर यांना तारेचे सील लावले गेले, तर ते पाण्यात उतरण्याच्या जागेपर्यंत तोडू नये. निघण्याची तारीख ठरली की माँटानाच्या वन्यजीव खात्याला आधी कळवून ठेवा. पॉवेलहून येणाऱ्या आणि टाक्या असलेल्या बोटीला नाक्यावर बराच वेळ लागतो.